टेकाड आणि गोणी

माझ्याआधीची तीन पोरं गेली,
म्हणून आईनं मला सुपात घालून
उंबऱ्यापासून उकिरड्यापर्यंत ओढत नेलं, परत आणलं.
तेव्हापासून मी सुपडू. सुपडू भंगाळे, पेंटर,
भुसावळ, लोको शेडच्या मागची गल्ली.

अठ्ठावन्न साली दातवाल्या चाननं
मला पहिल्यांदा पाटी सांगितली:
मराठीत दोन अक्षरं, खाली त्याच्याकडचं एक.
कवळीच्या ओल्या प्लास्टरमध्ये बोट बुडवून
ते त्यानं कपाटाच्या काचेवर काढून दाखवलं.
"हे डावीकडे टेकाड, भो.
उजवीकडे पूर्व दिशा.
पण पूर्व मागून आली. आधी ती गोणी होती,
दोन्ही तोंडं बांधलेली."
मी जिनिंगच्या फाटकाकडे बघितलं.
गासड्या उभ्या होत्या, पट्ट्यांनी आवळलेल्या,
आणि त्यांच्या मागे, खरंच, पूर्व.

"पण अर्थ काय?"
"मांडणं. ओळीनं मांडून ठेवणं.
आणि मांडून ठेवलेलं जुनं होतंच,
म्हणून जुनं. मुरलेलं. कधी शिळंसुद्धा."
जोड माझ्या बापाची आहे, असंही म्हणाला,
पंडितांना विचारू नकोस.
मग बरणीतून संत्र्याची वाळकी साल काढून
माझ्या तळहातावर ठेवली: "हिच्या नावातही मीच आहे."

फार मागे त्या नावाचं एक राज्य होतं,
आपल्या यावल-रावेरएवढं असेल नसेल.
शेजाऱ्यानं गिळलं.
लोकांनी जाताना नाव तेवढं उचललं.
मी म्हटलं, आमचंही तेच की.
कोणी म्हणतो खानाचा देश, कोणी म्हणतो कान्हाचा,
दोघंही गेले, भांडण आमच्याकडे राहिलं.

बासष्टच्या नोव्हेंबरात
दोन पोलीस चहा न घेता गेले.
त्या संध्याकाळी मी विचारलं,
"चव्हाण करून टाकू? दोन अक्षरांचं काम आहे."
तो खूप हसला. मग प्लास्टरमध्ये बोट बुडवून
काचेवर एक चौकोन काढला, आत अधिकची खूण.
"हे शेत. चार वाफे.
त्या राज्यातला एक जण जीव घेऊन पळाला,
दुसऱ्या राज्यात जाऊन हे नाव लावलं.
तेव्हा दोन्ही कानाला सारखीच लागायची म्हणे."
"मग त्याचं काय झालं?"
"त्याच्या वंशानं पुढे ते राज्यच घेतलं.
मला एक खुर्ची पुरते, भो."

रात्री कंदील त्यानंच धरला.
खालचं अक्षर मी पांढऱ्यानं बुजवलं
आणि च ला एक वळसा जास्त दिला.
सकाळी पाटीवर होतं:
छान. दातांचा दवाखाना.
लोक आधी हसले, मग हसण्यासाठी
दात बसवायला येऊ लागले.

पांढरा रंग पाच उन्हाळे टिकला.
आपल्याकडचा मे कोणाचं ऐकत नाही.
आधी टेकाड वर आलं, पुसट,
मग गोणीची खालची गाठ.
त्यानं परत रंगवायला सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

परवा त्याचा हेन्री आला.
"काका, दगडावर तेच अक्षर पाहिजे.
मला तावडी येते, हिंदी येते,
हे नाही येत."
म्हणजे चानचं नाव त्याच्या लिपीत लिहू शकणारा
गावात मी एकटा उरलो, सुपातला.

टेकाडाचे फटकारे दोन की तीन,
यावर तो स्वतःशीच भांडायचा.
गोणीचे आठ, हे नक्की.
आणि एकदा मी टेकाड चुकून उजवीकडे काढलं,
तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं होतं:
"तिकडे गेलं की ते टेकाड राहत नाही.
त्याचं गाव होतं."

दगड तापलेला होता. उकिडवा बसलो.
ब्रश टेकवण्याआधी बराच वेळ
उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो.
एक भुसावळ मावलं असतं.
मग शिकवलं होतं तसं डावीकडेच काढलं.

गोणीची वरची गाठ जरा सैल पडली आहे.
हेन्रीला बोललो नाही.